बिड्डी मेसन : लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मदत हवी आहे

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. लेक चौथीत आहे. इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो आणि प्रत्येक मुलाने एक व्यक्ती निवडून, तिच्यावर तक्ता करून वर्गात बोलायचं असतं. हिने बिड्डी मेसन निवडली. जन्म १८१८, गुलामगिरीत. कामाने सुईण. मरण १८९१, तेव्हा लॉस एंजेलिसच्या भर वस्तीत स्वतःची जागा.

नेटवर शोधलं की सगळीकडे 'गुलाम ते लक्षाधीश' एवढंच सापडतं. लेकीचे प्रश्न मात्र वेगळे आहेत आणि मला त्यांची उत्तरं देता येईनात. एक : कॅलिफोर्नियात गुलामगिरी नव्हती, तर इथे आल्यावरही ती पाच वर्षं गुलाम कशी राहिली? दोन : तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मग जमीन कशी घेतली? आणि एक माझा प्रश्न : तिच्या घरच्यांचं पुढे काय झालं?

कुणी यावर वाचलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. तक्त्यात मधोमध काय ठेवावं हेही सुचवा.

---

विदर्भी_वकील

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

१८५० साली कॅलिफोर्निया राज्य झालं तेव्हा घटनेतच गुलामगिरीला बंदी होती. रॉबर्ट स्मिथ हा मालक १८५१ मध्ये बिड्डीला, तिच्या तीन मुलींना आणि हॅना नावाच्या दुसऱ्या बाईच्या कुटुंबाला घेऊन सॅन बर्नार्डिनोला आला. त्या दिवसापासून खरं तर तिच्यावर त्याचा काही हक्क उरला नव्हता. पण हे तिला सांगणार कोण? आणि कळलं तरी दाद कुठे मागायची? त्या काळी या राज्यात काळ्या माणसाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नसे. ती बंदी १८६३ मध्ये उठली. तुमच्या लेकीला सांगा की कायदा होता, पण तो बोलून दाखवायचं तोंडच बांधलेलं होतं.

१८५५ च्या अखेरीस स्मिथने टेक्सासला जायचं ठरवलं. टेक्सासमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. निघण्यापूर्वी तो सगळ्यांना घेऊन सांता मोनिकाच्या डोंगरातल्या एका घळीत मुक्कामाला होता. तिथे शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, माणसं हेबियस कॉर्पसचा हुकूम घेऊन पोचली. डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा तो हुकूम असतो.

जानेवारी १८५६ मध्ये न्यायाधीश बेंजामिन हेज यांच्यापुढे सुनावणी झाली. स्मिथचं म्हणणं असं की ही माणसं स्वखुशीने आली, मी त्यांना पोटच्या मुलांसारखं ठेवलं. बिड्डीच्या बाजूच्या वकिलाला १०० डॉलर देऊन त्याने गप्पही केलं. मग हेजने जे केलं ते मला फार मोठं वाटतं. बिड्डीला भर कोर्टात साक्ष देता येत नाही ना, मग त्याने तिला स्वतःच्या दालनात बोलावलं आणि दोन तिऱ्हाईत गृहस्थांच्या समक्ष विचारलं. तिचं उत्तर नोंदलेलं आहे. आशय असा : सांगितलं ते मी नेहमीच करत आले, पण टेक्सासला जायचं ऐकल्यापासून मला भीती वाटत होती; स्मिथसाहेब म्हणाले, तिथेही तू इथल्याइतकीच मोकळी असशील.

हेजने निकाल दिला की चौदाही जण स्वतंत्र आहेत, कायमचे. स्मिथ शेवटी कोर्टात फिरकलाच नाही. खर्च त्याच्या नावावर टाकला गेला.

आता एक तारीख तक्त्यावर जरूर लिहा : मार्च १८५७. त्या महिन्यात ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, आणि मुक्त प्रदेशात राहिल्याने गुलाम स्वतंत्र होत नाही. दोन निकालांत जेमतेम चौदा महिने. माझ्या मते हेच प्रकरण दोन वर्षं उशिरा उभं राहिलं असतं तर हेजलाही असा निकाल देणं जड गेलं असतं.

---

वारणाकाठची

चाफेकळी, तुझा धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी वारणा खोऱ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे कॅलिफोर्नियात असते. गावोगावच्या सुईणींबरोबर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे बिड्डी मेसनकडे मी त्या बाजूने बघते. आधीच सांगते, 'लक्षाधीश' हा शब्द तक्त्याच्या मधोमध घालू नकोस.

वकीलसाहेबांनी कोर्टाचं नीट सांगितलं. पण शेरीफ त्या डोंगरात आपणहून गेला नव्हता, त्याला कुणीतरी खबर दिली होती. ते कोण, हे कळलं की तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हाती लागतं.

लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट ओवेन्स नावाचा काळा गृहस्थ होता. तो स्वतः गुलामगिरीतून सुटून टेक्सासहून आलेला. सॅन पेड्रो स्ट्रीटवर त्याचा घोड्या-खेचरांचा गोठा होता, सैन्याला खेचरं आणि लाकूड पुरवायचा, हाताखाली व्हाकेरो म्हणजे घोडेस्वार गुराखी ठेवलेले. त्याचा मुलगा चार्ल्स आणि बिड्डीची थोरली एलन यांचं एकमेकांवर मन बसलं होतं. एलन तेव्हा सतरा वर्षांची. स्मिथ सगळ्यांना टेक्सासला नेतोय हे कळल्यावर ओवेन्सने शेरीफला गाठलं आणि आपले गडी घेऊन त्याच्याबरोबर डोंगरात गेला. सॅन बर्नार्डिनोकडच्या एलिझाबेथ फ्लेक रोवन याही मदतीला होत्या, त्याही आधी गुलाम होत्या.

मुक्कामावर हॅनाचे दिवस भरले होते. तिचं बाळंतपण व्हायचं म्हणून स्मिथचं निघणं लांबलं. कोर्टाच्या कागदात दोन आठवड्यांच्या बाळाची नोंद आहे. तेवढ्या दिवसांत हालचाल करायला वेळ मिळाला. त्या मुक्कामात सुईण कोण होती ते तर आपल्याला माहीतच आहे. मला हा भाग फार जवळचा वाटतो. एक बाळ वेळेवर जन्माला येतं आणि त्याच्यासकट चौदा जण सुटतात.

निकाल लागल्यावर बिड्डी मुलींना घेऊन ओवेन्सच्याच घरी राहिली. त्याच वर्षी एलन आणि चार्ल्सचं लग्न झालं. म्हणजे जे शेजारी सोडवायला आले तेच व्याही झाले. पुढचं सगळं कुटुंब या दोन घरांचं मिळून आहे.

आता कामाचं. ती मिसिसिपीत असताना वयस्कर गुलाम बायकांच्या हाताखाली शिकली, बाळंतपण आणि झाडपाला दोन्ही. १८४८ साली स्मिथ मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबरोबर पश्चिमेला, आधी युटाकडे, निघाला तेव्हा ती गाड्यांच्या मागे गुरं हाकत चालत गेली. सतराशे मैल, म्हणजे सुमारे २,७०० किलोमीटर. दहा वर्षांची एलन, चार वर्षांची ॲन आणि अंगावर पिणारी हॅरिएट बरोबर. वाटेत स्वयंपाक तिच्याकडे, कुणा बाईला कळा लागल्या की तेही तिच्याकडे. थांबलेल्या गाडीत, हाताशी पाणी किती आहे याचा भरवसा नसताना बाळंतपण करणं म्हणजे काय, हे ज्याने अंधारात कंदील धरून केलंय त्यालाच कळेल. बाळ बाहेर आलं की काम संपत नाही. वार पूर्ण पडली का, रक्त थांबलं का, बाई थंड तर पडत नाही ना, हे बघत तास दोन तास तिच्यापाशी बसावं लागतं. आणि सकाळी तांडा परत निघायचा.

मुक्त झाल्यावर हीच विद्या तिला पोटाला उपयोगी पडली. डॉ. जॉन ग्रिफिन यांच्याकडे ती नर्स आणि सुईण म्हणून लागली, रोज अडीच डॉलर. १८६० नंतर देवीची साथ आली तेव्हा ती रोग्यांच्या उशाशी जाऊन बसली. स्वतःला लागण होईल या भीतीने थांबली नाही. गोरी, काळी, मूळ अमेरिकी, मेक्सिकन, सगळ्या घरांतली बाळंतपणं केली. अक्षर येत नव्हतं खरं, पण स्पॅनिश उत्तम बोलायची. लेकीला हे नक्की सांग. तेव्हाचं लॉस एंजेलिस निम्मं स्पॅनिश बोलणारं होतं आणि कळा देणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलता येणं हे सुईणीचं अर्धं औषध असतं. पिओ पिको, जे मेक्सिकन काळातले इथले शेवटचे गव्हर्नर, त्यांच्या घरी तिची ऊठबस होती.

आणि जमीन. १८६६ च्या नोव्हेंबरात तिने स्प्रिंग स्ट्रीटवर, तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्याच्या मध्ये, २५० डॉलरला जागा घेतली. रोजचे अडीच डॉलर धरले तर शंभर दिवसांची अख्खी मजुरी. कागदाला लागली मात्र मुक्तीनंतरची दहा वर्षं, कारण पदरात मुली होत्या, आणि मधली ॲन मुक्तीनंतर थोड्याच काळात वारली. खरेदीखतावर सही म्हणून तिची फुली आहे. आपल्याकडे आयाबाया अंगठा उठवायच्या, तसंच. त्या वेळी ती जागा गावाबाहेर होती, पाटाचं पाणी आणि विलोच्या काठ्यांचं कुंपण. या शहरात स्वतःच्या नावावर जमीन असणाऱ्या अगदी पहिल्या काळ्या बायकांपैकी ती एक. घरच्यांना तिने बजावून ठेवलं होतं की ही जागा घरासाठी धरून ठेवायची.

१८५० साली या गावाची वस्ती होती १,६१०. १८९० मध्ये ५०,३९५. मधल्या काळात रेल्वे आली आणि गावाबाहेरची जागा बाजारपेठेत गेली. १८८४ मध्ये तिने एक तुकडा १,५०० डॉलरला विकला आणि उरलेल्या जागेवर विटांची इमारत बांधली. खाली भाडेकरू, वर आपण. पैसा आला तो असा, आधी तिथे पाय रोवून बसल्यामुळे.

---

चाफेकळी

काकू, किती मनापासून लिहिलंत. लेकीला रात्री वाचून दाखवलं, तिला हॅनाच्या बाळाचा भाग सर्वांत आवडला. 'मग ते बाळही सुटलं का?' असं तीनदा विचारून झालं.

वकीलसाहेब, तुमचेही आभार. 'तोंड बांधलेलं होतं' हे तिला लगेच कळलं. तिने दालनातल्या त्या भेटीचं चित्र काढायला घेतलंय.

आता नातवंडांचं सांगा ना. आणि ती जागा आज बघता येते का?

---

मेट्रोवाला

जागा बघता येते. मी रोज तिथून जातो. पर्शिंग स्क्वेअर स्टेशनला उतरायचं. ब्रॅडबरी बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, ब्रॉडवे आणि स्प्रिंग स्ट्रीटच्या मध्ये एक छोटं मोकळं आवार आहे, तिथे तिच्या नावाची लांबलचक काँक्रीटची भिंत आहे. शिला लव्हरांट डी ब्रेटव्हिल यांनी केलेली, १९८९ मध्ये उभी राहिली. ८० फुटांहून लांब आहे. दशकांप्रमाणे चालत जायचं, एका टोकाला जन्म, पुढे प्रवास, खटला, जमीन. आजूबाजूला ऑफिसं असल्यामुळे बरेच जण डबा खायला तिथे बसतात. ग्रँड सेंट्रल मार्केट समोरच आहे, लेकीला घेऊन जाणार असाल तर जेवणाची सोय होते. शनिवारी सकाळी गर्दी कमी.

---

वारणाकाठची

मेट्रोवाला, बरं झालं सांगितलंस. चाफेकळी, त्या भिंतीवर लेकीला एक गोष्ट मुद्दाम दाखव. काँक्रीटमध्ये वस्तूंचे ठसे आहेत. गाडीचं चाक आहे, कोर्टाचा कागद आहे, आणि सुईणीची पिशवी, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. दोरा कशाला, असं बघणारे विचारतात. नाळ दोन ठिकाणी दोऱ्याने आवळून बांधायची आणि मधे कापायची. दोरा सैल राहिला तर बाळाचं रक्त जातं. आम्ही सुईणींना शिकवायचो तेव्हा स्वच्छ ब्लेड आणि स्वच्छ दोरा याच दोन गोष्टींवर सगळा भर असायचा. ज्या कुणी त्या भिंतीत रीळ घातलं त्यांनी सुईणपण समजून घेतलं होतं, म्हणून मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे.

आता नातवंडं. एलन आणि चार्ल्सला दोन मुलगे, रॉबर्ट करी ओवेन्स आणि हेन्री. चार्ल्स १८८२ मध्ये वारला. १८८५ मध्ये आजीने नातवांच्या नावावर आपल्या जागेतला एक भाग करून दिला. दस्तात मोबदला काय लिहिलाय बघ : प्रेम आणि जिव्हाळा, आणि दहा डॉलर. रॉबर्ट पुढे जमिनींच्या व्यवहारात फार वर गेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सर्वांत श्रीमंत काळ्या माणसांत त्याचं नाव घेत. नेटवरचं ते 'लक्षाधीश' खरं तर तीन पिढ्यांच्या कमाईचं मिळून आहे. आजीच्या एकटीच्या नावावर टाकलं की मधली एलन दिसेनाशी होते, आणि ओवेन्स आजोबाही.

दुसरी एक वाट चर्चची. १८७२ मध्ये बिड्डी आणि जावई चार्ल्स यांच्या पुढाकाराने, तिच्या घरी जमून, फर्स्ट आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च सुरू झालं. या शहरातल्या काळ्या लोकांचं सर्वांत जुनं चर्च. सुरुवातीचा कर आणि पाद्रीबुवांचा पगार तीच भरायची. ते चर्च आज हार्वर्ड बुलेव्हार्डवर आहे. तुरुंगातल्या कैद्यांना ती खायला नेऊन द्यायची. पूर आला आणि लोकांची घरं गेली तेव्हा तिने जवळच्या किराणा दुकानात सांगून ठेवलं की जो येईल त्याला सामान द्या, हिशेब माझ्या खात्यावर. दाराशी गरजूंची रांग लागायची. म्हणून लोक तिला ग्रँडमा मेसन म्हणत, आणि रक्ताच्या नात्यापलीकडे ज्यांना ती आजी होती त्यांची संख्या मोठी होती.

तिचं बोलणं आपल्यापर्यंत आलं ते पणतीमुळे. ग्लॅडिस ओवेन्स स्मिथ यांनी सांगून ठेवलंय की मूठ मिटून ठेवलीस तर त्यात चांगलं काही येणार नाही, हात उघडा असेल तर तो भरभरून देतो तसा घेतोही, असं घरात म्हटलं जायचं. तिने लिहिलेलं काही नाही, सगळं असं घरातून तोंडी आलं.

पण एक मला खुपतं. १५ जानेवारी १८९१ ला ती गेली. बॉइल हाइट्समधल्या एव्हरग्रीन दफनभूमीत पुरलं, आणि सत्त्याण्णव वर्षं तिथे नाव कोरलेला दगडसुद्धा नव्हता. १९८८ च्या मार्चमध्ये तो बसवला, महापौर टॉम ब्रॅडली आले होते आणि तिच्या चर्चचे सुमारे तीन हजार लोक. जिच्या हातावर या गावची शेकडो पोरं जन्मली तिच्या कबरीला नाव मिळायला एवढा वेळ लागावा, याचा मला राग येतो आणि तो मी लेकीपासून लपवणार नाही. तूही लपवू नकोस, चौथीतली मुलं हे समजू शकतात.

---

चाफेकळी

काकू, ठरलं. मधोमध झाड काढतोय. एका बाजूला बिड्डी आणि तिन्ही मुली, दुसऱ्या बाजूला ओवेन्स घर, मधे एलन आणि चार्ल्स, खाली दोन नातू आणि पणती. मुळाशी कात्री, दोरा आणि पिशवी. बाजूला १८५६ आणि १८५७ अशा दोन चौकटी.

एकच अडलंय. हॅना आणि तिची मुलं नात्यातली नव्हती, मग झाडात घालायची का? बाई विचारतील.

---

वारणाकाठची

घाल. ओवेन्सच्या बाजूला नको, बिड्डीच्या शेजारीच, वेगळ्या रंगाने. मिसिसिपीपासून दोघी एकत्र चालत आल्या, आणि निकालात नावं एकाच यादीत आहेत. बाईंनी विचारलं तर लेकीला सांगू दे की कोर्टाने चौदा जणांना सोडलं, त्यात बिड्डीच्या घरचे चारच होते, बाकी दहा हॅनाच्या घरचे. आणि त्या दोन आठवड्यांच्या बाळासाठी एक पान काढ.